भाऊ, ग्राउंडवरचं धान उचललं

सुधाकरभाऊ,

माणूस जातो, पण त्याचं कार्य अमर राहतं. तुमच्या शोकसभेत हे वाक्य पाच वक्त्यांनी उच्चारलं. त्यांतल्या दोघांच्या मते तुमचं कार्य व्हॉलीबॉल हे होतं. तिसऱ्याने तुम्ही कॉलेजला मिळवून दिलेल्या सुवर्णपदकांचा उल्लेख केला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुमच्या खोलीतलं कपाट उघडून पाहिलं. कपाटात तीन कप आहेत. दोन बास्केटबॉलचे, उपविजेतेपदाचे. तिसरा रस्सीखेचीचा आहे आणि तो तुम्ही नोकरीला लागण्याच्या आधीचा आहे.

व्यासपीठामागे फ्लेक्स लावला होता. तुमच्या नावाआधी ‘क्रीडामहर्षी’ छापलेलं. फोटो तुमच्या ओळखपत्रावरचाच मोठा केला होता, त्यामुळे कॉलेजच्या शिक्क्याची अर्धी कड तुमच्या कपाळावर आली होती. तुम्ही असता तर नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसून कुजबुजला असता, "बाई, महर्षीले दाढी लागते ना?" मी त्या सभेत दोनदा उजवीकडे वळून पाहिलं. शेजारी वाणिज्य शाखेचे सर बसले होते. त्यांना वाटलं, मला वेळ विचारायची आहे. त्यांनी वेळ सांगितली.

मग प्राचार्य उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की सरांना श्रद्धांजली म्हणून यंदा मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवला जाणार नाही. शोकसभा आहे हे विसरून मागच्या काही जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाने सारी नोकरी संघ पाठवण्यात घालवली, त्याच्या सन्मानार्थ संघ पाठवायचा नाही. मी हे वाक्य मनात दोनदा तपासून पाहिलं, ग्रंथसूचीत चुकीच्या जागी लागलेलं कार्ड तपासावं तसं. ते चुकीच्याच जागी होतं.

तिसऱ्या रांगेत तुमच्या दहा पोरी बसल्या होत्या. कर्णधार रंजना खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होती. तिचं हे शेवटचं वर्ष, हे तिथल्या वक्त्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं. मला होतं, कारण तिची पुस्तकं परत घ्यायची तारीख मी लिहिते.

तुम्ही आलात तेव्हा मला या कॉलेजात दोन वर्षं झाली होती. तुम्ही माजरीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, खाणीच्या वसाहतीतल्या ग्राउंडवर बास्केटबॉल शिकलेले, आणि नेमणूक कुठे, तर जिथे हा खेळ कोणी टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता तिथे. कॉलेजला ग्राउंड नव्हतं. सिमेंटचा एक चौथरा होता. एका मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरावं म्हणून तो घाईघाईने ओतला होता. मंत्री मोटारीने आले. तेव्हापासून त्यावर गाई बसत. पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्या चौथऱ्यावर पावलं मोजत फिरत होतात. मी वाचनालयाच्या खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, नव्या सरांचं काही तरी हरवलं आहे. चौथरा लांबीला कमी पडला. तुम्ही गावभर फिरून सिमेंटची पोती मागितलीत, आणि हेलिकॉप्टरसाठी रंगवलेल्या गोलाचं मधलं वर्तुळ केलंत. त्या वर्तुळात इंग्रजी एच अजून दिसतो. बाहेरगावचे संघ विचारतात, हा कशाचा? पोरी सांगतात, "मंत्र्याचा."

रिंगांच्या जाळ्या सिरोंच्याच्या एका मासेमाराने विणून दिल्या. त्याची मुलगी तुमच्या एका संघात होती. चेंडू मागताना ती तेलुगूत ओरडायची. तुम्ही तिला मराठी न शिकवता बाकीच्या नऊ जणींना तेवढं तेलुगू शिकवलंत. मी कारण विचारलं, तर म्हणालात, "समोरच्या पार्टीले समजत नाई ना, बाई." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या खेळात डोकं लागत असावं.

आणि मग आपलं भांडण. धानाचं.

दिवाळीनंतर मळणी झाली की ओलं धान वाळवायला सिमेंटची जागा लागते, आणि गावात तेवढी मोठी जागा ही एकच. कॉलेजला लागून शेत असलेल्या नामदेवभाऊंनी पहिल्या वर्षी न विचारताच धान पसरलं. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही चुन्याचा डबा आणलात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, ग्राउंडच्या लांबीत मधोमध रेघ ओढलीत. उन्हाची बाजू धानाला, वाचनालयाच्या सावलीची बाजू पोरींना. स्पर्धा नेमकी त्याच दिवसांत. म्हणजे दरवर्षी ऐन सरावाचा महिना तुमच्या पोरी बोळाएवढ्या पट्ट्यात खेळायच्या. चेंडू धानात गेला की जिच्या हातून गेला तिने बूट काढायचे, अनवाणी जाऊन तो आणायचा आणि विस्कटलेलं धान हाताने सारखं करायचं. बुटाचा पाय धानावर ठेवायचा नाही. हा नियम तुम्हाला सांगावासुद्धा लागला नाही. तो त्या घरूनच घेऊन आल्या होत्या.

त्यामुळे अडचणीच्या जागेतून चेंडू काढून न्यावा तो तुमच्या पोरींनीच. आणि त्यामुळेच, बाहेर कुठेही गेल्या तरी पाचही जणी ग्राउंडच्या एकाच कडेला दाटीने खेळायच्या आणि अर्धं ग्राउंड मोकळं सोडायच्या. ही गोष्ट समोरच्यांच्या लक्षात यायला साधारण निम्मा सामना लागायचा. तोपर्यंत आपण पुढे असायचो.

उपविजेतेपदाच्या त्या दोन कपांपैकी एकाचा अंतिम सामना मी पाहिला नाही. मी एकही पाहिला नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. तुम्ही दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन सांगितलंत. शेवटची काही सेकंदं, आपण एका गुणाने मागे. चेंडू सुटला आणि मोकळ्या अर्ध्या भागात घरंगळत गेला. तुमची सगळ्यांत चपळ पोरगी दोन पावलांवर. ती धावली आणि मधोमध येऊन थांबली. पुढे काही नव्हतं. रंगवलेलं सिमेंट होतं. तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. समोरच्या मुलीने चेंडू उचलला आणि शिट्टी वाजली.

"मी म्हटलं, काऊन थांबली वं?" तुम्ही सांगत होतात. "तर म्हणते, सर, धान... आन मंग तिलेच समजलं आन रडाले लागली." तुम्ही हसत होतात आणि रुमालाने डोळे पुसत होतात. हसून पाणी आलं म्हणालात. मी ते मान्य केलं.

"भाऊ, त्या नामदेवभाऊले सांगा ना, दुसरीकडं वाळव म्हणून. पोरी हरून राह्यल्या तुमच्या."

"बाई, धान आन पोरी एकाच घरच्या हायत. धान बाहेर काढलं त पोरी बी बाहेर जातीन."

"हे वाक्य कॅलेंडरवर शोभेल."

"छापा मंग."

हे भांडण आपण दर दिवाळीला नव्याने केलं. खेळाबाबत मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं. माणसांबाबत तुम्ही बरोबर होतात, हे मला फार उशिरा दिसलं. तासातासाला धान पायाने फिरवायला आया यायच्या, बाप यायचे. समोर आपली पोरगी खेळताना बघायची इच्छा नसली तरी ती दिसायचीच. रंजना म्हणजे त्याच नामदेवभाऊंची मुलगी. "पोरीच्या जातीनं चड्डी घालून पळाचं नाई," असं तिच्या पहिल्या वर्षी त्यांनी तुम्हाला माझ्या खिडकीखालीच ऐकवलं होतं. तुम्ही त्यांना धान पसरायला हात लावलात. दुसऱ्या हंगामात ते कडेला उभे राहायला लागले. त्याच हंगामाच्या शेवटी एक दिवस त्यांच्या हातातलं धान ओढायचं दाताळं तसंच राहिलं आणि ते ओरडले, "अवं, पास दे ना तिले! एकटीच काऊन नेऊन राह्यली?" तुम्ही धावत वाचनालयात आलात. इथे धावायचं नसतं, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं. "बाई," तुम्ही म्हणालात, "बाप आला आपल्या पार्टीत."

आता मी न आल्याबद्दल. दरवर्षी मुलींच्या संघाबरोबर एक महिला व्यवस्थापक लागते, आणि दरवर्षी तुम्ही आधी मला विचारायचात. "बाई, एक डाव चला ना." मी म्हणायचे, वाचनालय कोण बघेल? मग गृहअर्थशास्त्राच्या मॅडम जायच्या. त्या यंदा निवृत्त झाल्या. माझं वाचनालय बघायला चार वाचक येतात आणि त्यांतले दोन पंख्याखाली झोपतात, हे तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत. खरं कारण मी तुम्हाला सांगितलं नाही. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यासाठी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या, हे मी या नोकरीत पुष्कळ केलं आहे. तुमच्या बाबतीत मला ते करायचं नव्हतं. नियम समजावून सांगा असं म्हणाले असते तर तुम्ही आनंदाने सांगितले असते, हे मला सुचलं नाही. नियम काही फार नाहीत. मी ते या आठवड्यात वाचले. पुस्तक आपल्याच वाचनालयात होतं आणि ते एकाच नावावर वारंवार गेलेलं होतं.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी दहाही जणी वाचनालयात आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. पंख्याखालचे दोघे जागे झाले.

"बाई, तुमी चला ना आमच्यासंगं," रंजना म्हणाली.

"मले त्यातलं काय समजते?"

"काईच नाई समजत. सर सांगत होते."

"आणखी काय सांगत होते सर?"

मागून एकीने रंजनाला कोपराने ढोसलं. "म्हणत होते, बाईले खेळातलं समजत नाई, पर भांडाले त्यायच्यासारखं कोणी नाई."

हे तुम्ही माझ्यामागे म्हणत होतात, हे मला आवडलं नाही. मी उठले आणि प्राचार्यांकडे गेले.

"मॅडम, सरांना जाऊन किती दिवस झाले?" प्राचार्य म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"घरी पुण्यानुमोदनाचा विधीही झाला, सर. त्याच दिवशी वहिनींनी मला विचारलं, पोरी कधी निघून राह्यल्या म्हणून. त्यांना काय सांगू?"

"आपण नव्या प्रवेशद्वाराला सरांचं नाव देतोय. कमान मोठी होणार आहे."

"द्या ना. पण त्या कमानीतून संघ बाहेर जाऊ द्या."

"तुम्हाला त्या खेळातलं काय कळतं?"

"काही नाही. मागच्या वर्षी तुम्ही मला परीक्षेचं काम दिलं, तेव्हाही काही कळत नव्हतं."

मग मी त्यांना मासिकांचं उदाहरण दिलं. इतकी वर्षं मी मासिकांच्या वर्गण्या पाठवते आहे. एक वर्ष खंड पडला की पुढच्या वर्षी ते मासिक आपण घेत होतो हेच कोणाला आठवत नाही. फडताळावर त्याची जागा दुसरं काही तरी घेतं, बहुतेक वेळा झाडू. तुमची जागा भरली जाणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. यंदा संघ गेला नाही तर तो परत कधीच जाणार नाही. प्राचार्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "जबाबदारी तुमची." मी म्हटलं, हो. हा शब्द मी तुम्हाला द्यायला हवा होता.

प्रवेशअर्जात दोन रकाने होते. व्यवस्थापक: तिथे मी माझं नाव लिहिलं. प्रशिक्षक: तिथे तुमचं. कार्यालयातला लिपिक चष्मा वर करून म्हणाला, "मॅडम, सर त वारले ना?"

"वारले. पण रकाना रिकामा ठेवला त अर्ज वापस येते."

त्याने विचार केला. त्याला ते पटलं. अर्ज गेला.

मग मी ग्राउंडवर गेले. खिडकीतून पाहणं वेगळं. त्या सिमेंटवर मी पहिल्यांदा पाय ठेवत होते. रेघेपलीकडे नामदेवभाऊंचं धान पसरलेलं होतं. मला बघून ते उभे राहिले. "हटवू का बाई यंदा? सर नाई, त..." आपलं इतक्या वर्षांचं भांडण जिंकायला मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पण ओलं धान नेणार कुठे? तेव्हा मी वर पाहिलं. वाचनालयाला सपाट गच्ची आहे. दिवसभर ऊन. जिना आतून, पुस्तकांच्या मधून जातो. भाऊ, ही गच्ची तुम्ही रोज बघत होतात. तुम्हाला ती सुचली नसेल हे शक्यच नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. वाचनालयात मी ओली छत्रीसुद्धा आणू देत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. मला अवघड पडेल असं काही तुम्ही माझ्याकडे मागितलंच नाहीत, आणि मी वर्षानुवर्षं तुम्हालाच हट्टी म्हणत राहिले.

दोन दिवस पोती वर चढत होती. ‘शांतता राखा’ या पाटीखालून सहा बाप आणि दहा पोरी "संभाल, संभाल" करत जात होते. ज्ञानकोशाच्या खंडांवर तूस पडलं. मी पुसलं. पंख्याखालच्या दोन वाचकांपैकी एकाने पोत्याला हात लावला, तो या वर्षातला त्याचा पहिला श्रम असावा. गच्चीवर धान फिरवताना खालचं ग्राउंड पूर्ण दिसतं, असं नामदेवभाऊंनी मला वरून ओरडून सांगितलं.

ग्राउंड रिकामं झालं. पोरी खेळायला उतरल्या आणि रेघेपाशी थांबल्या. चुना मी स्वतः धुऊन काढला होता, तरी थांबल्या. शिट्टी वाजवून झाली, सांगून झालं, रागावून झालं. "बाई, पायच नाई जात," रंजना म्हणाली. तेव्हा मी वाचनालयातून खुर्ची आणली, धानाच्या बाजूला मधोमध ठेवली, बसले आणि म्हटलं, चेंडू मले द्या. पहिला चेंडू माझ्या चष्म्यावर आला. दुसरा मी धरला. चौथ्या दिवशी त्या माझ्या खुर्चीभोवती बुटांनी धावत होत्या आणि मला "बाई, सरका ना" म्हणत होत्या. मी सरकले. सहाव्या दिवशी खुर्ची परत नेली. तुम्हाला ही पद्धत पसंत पडली नसती. पडली असती तरी तुम्ही ती दर दिवाळीला नाकारली असती, आणि मला आज त्याच नकाराची सगळ्यांत जास्त आठवण येते.

हे मी ब्रह्मपुरीला लिहिते आहे, ग्राउंडच्या कडेच्या बाकावर बसून. पहाटेच्या एसटीने आलो. नामदेवभाऊही आले आहेत. गच्चीवरच्या धानाला आज बाकीचे बाप पाय देतील. मी साडीवर खेळाचे बूट घातले आहेत आणि त्याबद्दल एकही पोरगी हसली नाही, म्हणजे त्यांनी तसं आधी ठरवलं असणार. पुढच्या वर्षीचा अर्जही मी भरणार आहे. प्रशिक्षकाच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं ते तेव्हा बघू. लिहायचं हे नक्की.

दहाला आपला सामना होता. पावणेदहाला पोरी उतरल्या आणि रंजनाने त्यांना ग्राउंडभर पांगवून उभं केलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नामदेवभाऊंनी खिशातले हात बाहेर काढले. मी उभी राहिले. पंचांनी घड्याळ पाहिलं आणि नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहिली. समोरचा संघ आला नाही. त्यांच्या कॉलेजात आज कोणा पाहुण्यांचं स्वागत आहे आणि लेझीमला मुली कमी पडत होत्या. अशा वेळी हजर असलेल्या संघाला वीस-शून्य असा विजय देतात. पुढचा सामना उद्या सकाळी नऊला आहे. वहिनींनी दिलेली तुमची नोंदवही मी आत्ता पहिल्या पानापासून चाळली. वीस गुणांच्या फरकाने आपण याआधी कधीही जिंकलो नव्हतो.